‘सिरियस आहेत, निघून ये’ : मराठीतले मऊ शब्द

जाईची_वेल

परवा भाची आली होती, सात वर्षांची. वाऱ्याने निरांजन गेलं तशी ओरडली, "मावशी, दिवा विझला!" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "विझला म्हणू नये गं, शांत झाला म्हणावं." तिने दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि विचारलं, "आधी तो ओरडत होता का?"

उत्तर काही सुचलं नाही, पण तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय. आजीच्या बोलण्यात असे शब्द जागोजागी असत. बांगडी फुटली असं ती कधीच म्हणाली नाही, बांगडी ‘वाढली’. मंगळसूत्र तुटत नाही, वाढतं. नारळ वाढवतात, संध्याकाळी दुकान वाढवतात. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, ‘उदंड होतात’. घरातून निघताना ‘जाते’ म्हटलं की लगेच टोकायची, "येते म्हण." म्हणजे जे तुटलं, संपलं किंवा निघालं, त्याला नेमका उलटा शब्द. लहानपणी मला वाटायचं आजीला मराठी नीट येत नाही.

मरणाचं तर विचारू नका. गेले, वारले, निवर्तले, देवाज्ञा झाली, कैलासवासी झाले. ‘मेले’ म्हणायची मुभा फक्त उंदीर-झुरळांपुरती, नाहीतर लाडाने रागावताना: "मेल्या, कुठे होतास इतका वेळ!"

या शब्दांवर माझं प्रेम आहे, पण रागही आहे, आणि रागाला कारणं आहेत. मी हॉस्टेलवर असताना घरून फोन आला: "आजी सिरियस आहे, निघून ये." रात्रभर एसटीत बसून आले. वाटेत स्टँडवर तिच्यासाठी मोसंबी घेतली. गल्लीच्या तोंडाशी पोचले तर घराबाहेर चपलांचा ढीग. आजी आदल्या दुपारीच गेली होती. ती मोसंबीची पिशवी कुठे ठेवायची हे मला कळेना, दहनाहून लोक परत येईपर्यंत ती माझ्या हातातच होती.

दुसरं कारण बाबांच्या आजारपणातलं. डॉक्टर म्हणाले, "आता घरी न्या, सेवा करा." आई बाहेर येऊन मला म्हणते, "बघ, सोडताहेत. उतार पडलाय." त्या वाक्याचा अर्थ मला कळला होता, तिला नाही. आणि तिला तो सांगायला मीही मऊच शब्द शोधत बसले.

तर तुमच्या घरातले, गावातले, वाचनातले असे शब्द लिहा. आणि ते कुठे उपयोगी पडले, कुठे नडले, हेही.

—

गप्पिष्ट

"आधी तो ओरडत होता का?" — भाचीला साष्टांग दंडवत.

आमच्याकडे रात्री साप म्हणायचं नाही. लांबडं, जनावर, किडूक. आणि ‘कावळा शिवला’ या प्रकाराने माझं बालपण छळलं. आईला कावळा शिवला की ती तीन दिवस वेगळी बसायची. मला वाटायचं, कावळा येतो, सुई-दोरा घेतो आणि आईची साडी शिवून जातो. एकदा पाहुण्यांसमोर विचारलं, "आई, कावळ्याला माझी चड्डी पण शिवायला सांग ना." पुढचं लिहीत नाही.

—

मोरपंखी

@गप्पिष्ट हसून हसून मेले. (वारले म्हणू का?)

—

डॉ_स्टेथो

‘सेवा करा’ वाचून जरा टोचलं, कारण हे वाक्य मीही वापरलंय. "आता उपचारांचा उपयोग होणार नाही" असं म्हटलं की त्यानंतर समोरच्या माणसाबरोबर थोडा वेळ गप्प बसावं लागतं. ते गप्प बसणं अवघड जातं, बाहेर पुढचे पेशंट थांबलेले असतात, म्हणून ‘सेवा करा’ म्हणून मोकळं व्हायचं. या वाक्याची सोय सांगणाऱ्याला जास्त असते, एवढं कबूल करतो.

पण पेशंटकडूनही हेच चालतं. नवी नवरी येऊन सांगते, "डॉक्टर, या महिन्यात अडचण आली नाही." अडचण म्हणजे पाळी, आणि ती आली नाही हीच तिची अडचण. अंगावरून जाणं, बाहेरची असणं, दिवस राहणं, तारीख चुकणं, सगळं समजून घ्यायला शिकलो. तरी एकदा फसलो. एक बाई म्हणाल्या, "छातीत त्रास आहे." वय पन्नाशीचं, घाम आलेला. लगेच ईसीजी काढला, तो स्वच्छ. रक्त तपासायला पाठवलं. शेवटी नर्सने त्यांना पडद्याआड नेऊन विचारलं तेव्हा कळलं की स्तनात गाठ आहे आणि ती चार महिन्यांपासून आहे. घाम भीतीचा होता.

मराठीत ‘छाती’ दोन्हीकडे चालते. ‘स्तन’ म्हणजे पुस्तकातला शब्द, तो तोंडाने उच्चारायचा म्हणजे संकट. बाळाला दूधही आपण ‘अंगावर’ पाजतो. अवयवाला बोलता येईल असा साधा शब्दच शिल्लक नसेल तर बाई डॉक्टरला सांगणार काय? आता मी स्वतःच आधी हाताने जागा दाखवून विचारतो. चार महिने कमी होतात त्याने कधीकधी.

—

पोथीनिष्ठ

धागा आवडला. थोडी जुनी भर.

आज ‘अश्लील’ म्हटलं की आपल्याला फक्त लैंगिक गोष्ट आठवते. अकराव्या शतकातल्या मम्मट या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ‘काव्यप्रकाशा’त अश्लील हा काव्यदोष तीन प्रकारचा सांगितला आहे: व्रीडा म्हणजे लाज, जुगुप्सा म्हणजे किळस, आणि अमंगल. म्हणजे नको त्या वेळी मरणाची आठवण करून देणारा शब्दही त्याच्या लेखी अश्लीलच. आता वर आलेले शब्द या तीन खणांत टाकून बघा. ‘अडचण’ पहिल्यात, परसाकडे जाणं दुसऱ्यात, आणि जाईताईंच्या आजीची सगळी डिक्शनरी तिसऱ्यात. आजीला मराठी उत्तम येत होतं, ती मम्मटाच्या नियमाने बोलत होती.

त्याच्याही आधी दंडी या दुसऱ्या काव्यशास्त्रकाराने एक फार मार्मिक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. थुंकणे, ओकणे या अर्थाचे शब्द लक्षणेने, म्हणजे आलंकारिक अर्थाने, आले तर अतिसुंदर, सरळ अर्थाने आले तर ग्राम्य. मराठीत हे अजून जसंच्या तसं लागू आहे. ‘तोफा आग ओकत होत्या’ हे वाक्य शाळेच्या निबंधात चालतं, मार्कही मिळतात. ‘पाहुणे जेवले आणि ओकले’ चालणार नाही.

आणि हे सगळे शब्द घाबरून केलेले नसतात. ‘निवर्तले’चा मूळ अर्थ परत फिरले. ‘नामशेष’ म्हणजे ज्याचं आता नावच उरलं. लढाईत पडलेला माणूस ‘धारातीर्थी’ पडतो, तलवारीच्या धारेलाच तीर्थ केलंय. कुणीतरी बसून, विचार करून घडवलेले शब्द आहेत हे.

—

तिरसट_काका

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा मीठ टाकतो.

मऊ शब्द म्हणजे ढोंग. पुरावा रोजच्या पेपरात. ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार केला.’ सौम्य कुणाला? ज्याच्या पाठीवर बसली त्याला विचारलं का? वीज जाते त्याला ‘भारनियमन’. कामावरून काढलं की ‘सेवामुक्त’. (त्यापेक्षा ‘नारळ दिला’ हे प्रामाणिक. आणि जाईताई, हा नारळ वाढवता येत नाही.)

शौच या शब्दाचीच गत बघा. शौच म्हणजे शुद्धी, पतंजलीच्या नियमांतला पहिला नियम. ज्या गोष्टीला आपण नाक दाबतो तिला आपण ‘शुद्धी’ म्हटलं. काही पिढ्यांत शुद्धीलाच वास यायला लागला. मग शौचालय नको, स्वच्छतागृह म्हणा. स्वच्छतागृहालाही वास आला, आता प्रसाधनगृह. घाण तिथेच, पाटी नवी.

—

निळी_शाई

काका, या पाटीबदलाला भाषा-मानसतज्ज्ञ स्टीव्हन पिंकरने १९९४ साली ‘युफेमिझम ट्रेडमिल’, म्हणजे मऊ शब्दांची ट्रेडमिल, असं नाव दिलंय. पट्ट्यावर कितीही धावा, माणूस तिथेच.

पण मला लिहायचंय ते तुकोबांबद्दल. शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केलंय, ‘भले तरी देऊ कासेची लंगोटी’. कॉलेजात गाथा उघडली तर तिथे ‘भले तरि देऊं गांडीची लंगोटी’. मी दचकून ग्रंथालयात आजूबाजूला बघितलं, कुणी पाहत तर नाही ना.

नंतर या एका शब्दावर बराच विचार केला. ‘कासेची’ने अर्थ बिघडत नाही, वजनही जुळतं, बदलणारा माणूस कानाचा तयार असणार. पण तुकोबा म्हणतायत की भल्या माणसाला आम्ही अंगावरचं शेवटचं फडकं काढून देऊ, मग आम्ही उघडे पडलो तरी चालेल. ‘गांडीची’ म्हटलं की तो उघडेपणा डोळ्यासमोर येतो. ‘कासेची’ म्हटलं की देणगी दिल्यासारखं वाटतं. लाज झाकली आणि त्यागच झाकला गेला.

गंमत म्हणजे अभंग सुरू होतो तोच ‘मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास’ असा, आणि लगेच पुढे वज्र भेदण्याची भाषा. मऊ कुठे व्हायचं आणि कठीण कुठे, हे त्या माणसाला पक्कं ठाऊक होतं. मधल्या पिढ्यांनी त्याला सरसकट मऊ केलं.

(संपादक मंडळ, शब्द संदर्भासाठी आहे, कृपया उडवू नये.)

—

मोरपंखी

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

—

उतारावरचा

‘नवी पाटी’वर माझे दोन शब्द. मला लहानपणी पोलिओ झाला, कुबडी वापरतो. माझ्या आयुष्यात मी लंगड्या होतो, मग अपंग झालो, मधे काही वर्षं विकलांग, आणि डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवर सुचवल्यापासून ‘दिव्यांग’. पाय तोच आहे. त्यात दिव्य काय ते मला अजून सापडलेलं नाही. परवा एका कार्यालयात ‘दिव्यांग कक्ष’ अशी सुंदर पाटी होती, पहिल्या मजल्यावर, लिफ्ट बंद. शिपाई अदबीने म्हणाला, "दिव्यांगांनी खाली बसावं, साहेब येतील." साहेब दीड तासाने आले.

पण काकांशी पूर्ण सहमत नाही. ‘लंगड्या’ अशी हाक मी ऐकली आहे. ‘अपंग’ ऐकल्यावर पहिल्यांदा वाटलं होतं की आता आपल्याबद्दल बोलतायत, आपल्यावर ओरडत नाहीयेत. शब्दाने तेवढा फरक पडतो. फक्त तेवढ्यावर भागवू नका, रॅम्पही बांधा.

—

पोथीनिष्ठ

@उतारावरचा, यात आणखी एक बाजू आहे. ज्याच्यासाठी मऊ शब्द काढला त्याला तो हवा आहे का, हे विचारतो कोण? ‘हरिजन’ हा शब्द गांधीजींनी आपुलकीने रूढ केला, पण आंबेडकरांना तो मान्य नव्हता. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात या शब्दावरून त्यांनी सहकाऱ्यांसह सभात्याग केला. पुढे ‘दलित’ हा अजिबात मऊ नसलेला शब्द, तुडवलेले असा उघड अर्थ असलेला, त्या लोकांनी स्वतः उचलला. मऊ शब्द वरून आला, खरखरीत शब्द आतून.

—

जाईची_वेल

हे वाचताना ‘गं. भा.’ आठवलं. आजोबा गेल्यावर आजीच्या पत्रांवर सौ. जाऊन गं. भा. आलं, गंगा भागीरथी. नदीचं नाव लावलं आणि हळदीकुंकवातून वगळलं. एप्रिल २०२३ मध्ये एका मंत्र्यांनी विधवांसाठी हेच संबोधन सरकारी पातळीवर आणण्याचा प्रस्ताव करायला सांगितलं आणि गदारोळ झाला, तेव्हा आजी असती तर काय म्हणाली असती असं वाटून गेलं. त्याच्या वर्षभर आधी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हेच बंद करण्याचा ठराव केला होता. बांगडी फुटलीच नाही तर ‘वाढली’ म्हणायची वेळच येत नाही.

—

बारभाई

उशिरा आलो. पानिपतचं पत्र कुणीच कसं काढलं नाही अजून?

१४ जानेवारी १७६१ ला लढाई झाली. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते, भेलशाजवळ (आजचं विदिशा) त्यांना सावकारी जासूद, म्हणजे सावकाराचा निरोप्या, सापडला. त्याच्याकडच्या पत्रात लिहिलं होतं की दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणती नाही. दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. पेशव्यांचा मुलगा आणि चुलतभाऊ. बापाने दुसऱ्याच्या नावचं पत्र उघडून ही ओळ वाचली. जगातल्या कुठल्याही भाषेत याहून मऊ आणि याहून भयंकर वाक्य असेल तर दाखवा.

—

तिरसट_काका

थांबा. ही सांकेतिक भाषा आहे, मऊ नव्हे. सावकाराला बाजारभावाची काळजी, बातमी फुटू नये म्हणून हिशेबाच्या शब्दांत लिहिली. यात भावना कुठे?

—

बारभाई

मोती कशाला मग? ‘दोन पोती’ लिहून संकेत झाला असता की. खुर्दा म्हणजे चिल्लर, सामान्य शिपाई. त्या सावकाराने माणसांची किंमत लावली, क्रम लावला. लपवायचं तर होतंच, पण लपवतानाही हात जरा थरथरलाय असं मला वाटतं. आणि चिल्लर मोजली नाही, हेही त्याच ओळीत उघडं पडलंय.

—

तिरसट_काका

पोती :) मान्य. अर्धं मान्य.

—

बारभाई

काका, तुमच्या ‘पाटी नवी’ला माझ्याकडून खरा दाणगट पुरावा. १९६३ साली महाराष्ट्राने चक्क कायदा केला, राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द वगळण्याचा. दुष्काळ शब्द काढायचा, टंचाई घालायची. म्हणजे कागदोपत्री महाराष्ट्रात पुन्हा दुष्काळ पडणारच नव्हता. नऊ वर्षांनी १९७२ आलं.

माझे वडील तेव्हा चौदा वर्षांचे, रोजगार हमी नावारूपाला येण्याआधीच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. त्यांच्या डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख अजून चिरलेलं आहे. ‘सुकडी’ (दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं) शब्द काढला की चेहरा बदलतो. त्यांच्या वयाच्या कुणाशीही बोला, वय सांगताना, लग्न कधी झालं सांगताना, विहीर कधी खणली सांगताना म्हणतात, ‘बहात्तरच्या दुष्काळात’. ‘बहात्तरच्या टंचाईत’ म्हणणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.

अजूनही तेच. २३ ऑक्टोबर २०१८ ला १८० तालुक्यांत ‘दुष्काळसदृश परिस्थिती’ जाहीर झाली, आणि आठवड्याभरात त्यांतल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ. आमच्या गावात तेव्हा टँकरपाशी एक म्हातारा विचारत होता, "सदृश म्हंजी पाणी येतंय का न्हाई?"

—

डॉ_स्टेथो

"सदृश म्हंजी पाणी येतंय का न्हाई?" हे फ्रेम करून दवाखान्यात लावणार आहे. ‘मधुमेहसदृश’ म्हणायची मलाही सवय आहे.

—

गप्पिष्ट

अवांतर: कुटुंबनियोजनवाल्यांच्या शब्दांवर वेगळा धागा हवा. तांबी, पाळणा लांबवणे, निरोध. आमच्या गल्लीत एक काकू सगळ्यांना अभिमानाने सांगायच्या, "आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं." आम्ही पोरं त्यांना भेटायला फळं घेऊन गेलो होतो.

—

मोरपंखी

जाईताई, एक विचारू? राग मानू नका. आजीच्या वेळी तो फोन तुम्हाला लागला हे समजू शकते. पण घरच्यांनी काय सांगायला हवं होतं? हॉस्टेलच्या कॉमन फोनवर, मागे मुलींची रांग, रात्रीचा एकटीचा प्रवास. मी फोन करणारी असते तर मीही सिरियसच म्हटलं असतं.

—

जाईची_वेल

राग कसला. तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते, धाग्यात लिहायचं नव्हतं.

बाबा गेले तेव्हा पहाटेचे पावणेपाच वाजले होते. भाऊ बंगळूरला. आईने माझ्याकडे फोन दिला. आजीच्या वेळेपासून मी ठरवून ठेवलं होतं की कुणाला असं सांगायची वेळ आली तर सरळ सांगेन, मोसंबी घ्यायला लावणार नाही. त्याने फोन उचलला, मागे त्याच्या मुलीचा झोपेतला आवाज आला, "बाबा, कोणे?"

मी म्हटलं, "बाबा सिरियस आहेत रे, निघ."

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, "किती वाजता?"

"पावणेपाच," मी म्हटलं.